भिंतीपलीकडची दया

दया करायची तर समोरचा जीव थोडा तरी देखणा असावा लागतो. उन्हाळ्यात चिमण्यांसाठी गच्चीवर पाण्याचं भांडं ठेवणारी माणसं मला ठाऊक आहेत, भिजलेलं मांजराचं पिल्लू पदराखाली झाकून तीन जिने चढून येणाऱ्या बायकाही ठाऊक आहेत. गोगलगायीला पाहून मात्र कुणाचा ऊर भरून आलेला मी अजून पाहिलेला नाही. तिला पिसं नाहीत, लव नाही, आवाज नाही. शंख पाठीवर घेऊन फिरणारीला निदान लहान मुलं तरी थांबून बघतात. बिनशंखाची जी असते, तिच्या नशिबी तेही नाही. आषाढातल्या एखाद्या रात्री विजेरी घेऊन बागेत जावं, तर झेंडूच्या रोपावर ती पसरलेली असते. काळी, चपटी, ओली, आणि पाठीच्या मधोमध एक फिकट रेघ, जणू अंधारानं स्वतःचा भांग पाडला आहे. उजेड पडला की ती आपली शिंगं सावकाश बाहेर काढते. शिंगांच्या टोकांवर तिचे डोळे असतात. त्या डोळ्यांनी ती आपल्याकडे बघते, यात विशेष काही नाही असं ठरवते, आणि पुन्हा पानाकडे वळते. माणसाकडे इतक्या शांतपणे दुर्लक्ष करणारा दुसरा प्राणी म्हणजे बँकेतला कारकूनच.

सकाळी ती नसते, तिचं लिखाण मागे असतं. कुंडीच्या कडेवरून, फरशीवरून, थेट भिंतीवर चढत गेलेली एक रुपेरी ओळ, हात न उचलता एका दमात लिहिलेली, मोडीसारखी. मला मोडी वाचता येत नाही, पण मजकूर हिशेबाचा असणार हे रोपांकडे बघून कळतं. दसऱ्याला दारात आपल्याच घरचा झेंडू असावा या हौसेनं पुण्यातल्या आमच्या तळमजल्याच्या घरामागे, ज्या अरुंद पट्ट्याला खरेदीखतात ‘गार्डन’ म्हटलं आहे तिथे, मी दरवर्षी बी टाकते. बी रुजतं, दोन पानं हात जोडल्यासारखी वर येतात, आणि एका रात्रीत तिथे काहीच नसतं. कुरतडलेला देठ नाही, पडलेलं पान नाही. इतकी सफाई की आपण बी पेरलं होतं का, याचीच शंका यावी. गोगलगायीच्या जिभेवर हजारो बारीक दात असतात, किसणीसारखे रांगेनं बसवलेले. पोटात पाय असल्याचा लौकिक आपल्या म्हणीनं तिला कधीचाच देऊन ठेवला आहे. दातांची वाच्यता तेवढी राहून गेली.

माझ्या आजोळी, राजापूरकडच्या एका वाडीत, हा प्रश्न फार सभ्यपणे सोडवला जाई. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं अळू, अळवात गोगलगायी, आणि वर चातुर्मास. पावसाळ्यात जीव पायाखाली येतात म्हणून जैन साधू प्रवासच थांबवतात, चार महिने एका गावी राहतात, हे आजीला ठाऊक होतं. तिला प्रवास करायचा नव्हता, पण अळूची पानं हवी होती. मीठ टाकलं की गोगलगाय जागीच विरघळल्यासारखी होते, अंगातलं पाणी मिठाकडे ओढलं जाऊन तडफडून मरते. आजीनं ते एकदा पाहिलं होतं, त्यानंतर मिठाचं नाव काढू दिलं नाही. “मारायचं नाही हो, पलीकडे सोडायचं,” ती म्हणे. मग संध्याकाळी एका करवंटीत सगळ्या गोगलगायी गोळा व्हायच्या आणि ती करवंटी चिऱ्यांच्या गडग्यावरून पलीकडे, चुलत आजोबांच्या पोफळीत, अलगद उपडी व्हायची.

आता कोकणातला गडगा म्हणजे काय, हे ज्यांना भाऊबंदकी माहीत आहे त्यांना सांगायला नको. त्या गडग्यावरचा दावा माझ्या आईपेक्षा वयानं मोठा होता. कोर्टात तारखा पडत होत्या, इकडे करवंट्या पडत होत्या. पलीकडची काकीही आजीइतकीच धार्मिक. तीही मारत नसे, तीही पलीकडेच सोडत असे, आणि तिचं पलीकडे म्हणजे आमचं अलीकडे. दोन्ही घरांत बोलणं बंद होतं, पाणी बंद होतं, हळदीकुंकू बंद होतं. ये-जा फक्त या एका पाहुणीची चालू होती. एकेका गोगलगायीनं त्या पावसाळ्यात वादग्रस्त जागा किती वेळा ओलांडली असेल, ते तिलाच ठाऊक. ताबा तसा तिचाच होता.

भिंत ओलांडणाऱ्या गोगलगायीची आणखी एक गोष्ट मी पुढे वाचली, आणि ती चक्क चार्ल्स डार्विनच्या पुस्तकात. १८७१ सालच्या ‘द डिसेंट ऑफ मॅन’मध्ये लॉन्सडेल नावाच्या निरीक्षकानं सांगितलेली ही हकीकत आहे. त्यानं शंखाच्या गोगलगायींची एक जोडी फारसं खायला नसलेल्या छोट्या बागेत ठेवली. दोघींतली एक आजारी. थोड्या वेळानं धडधाकट होती ती दिसेनाशी झाली. तिच्या चिकट वाटेचा माग काढला तर ती भिंतीवरून शेजारच्या भरलेल्या बागेत गेलेली. आजारी जोडीदाराला सोडून गेली, असं लॉन्सडेलला वाटलं. पण चोवीस तासांनी ती परत आली, पलीकडची खबर जणू हिला सांगितली, आणि दोघी मिळून त्याच वाटेनं भिंतीपलीकडे गेल्या. डार्विनसारख्या माणसानं हे प्राण्यांच्या परस्परांतल्या ओढीचं उदाहरण म्हणून नोंदवलं आहे. आजच्या शास्त्रज्ञांना ते इतक्या सहज पटणार नाही. मला मात्र त्या पलीकडच्या बागेच्या मालकाचा विचार पडतो. त्याच्या कोबीचं काय झालं, हे कुणीच लिहून ठेवलेलं नाही. ज्याच्या अंगणात दुसऱ्याची करुणा येऊन पडते, त्याची बाजू इतिहासात नसतेच.

करवंटी पलीकडे उपडी केली तरी पाहुणी परत का येते, याचं उत्तर शोधायला इंग्लंडमधल्या एका आजीबाईच पुढे आल्या. डेव्हनमध्ये राहणाऱ्या रूथ ब्रुक्स यांना बागेतल्या गोगलगायी मारवत नव्हत्या आणि सोडल्या तर त्या परत येत होत्या. २०१० साली बीबीसी रेडिओनं हौशी शास्त्रज्ञांसाठी ठेवलेल्या स्पर्धेत त्यांनी हाच प्रश्न नेला. गोगलगायींच्या शंखांवर नेलपॉलिशचे ठिपके लावले, शेजारपाजारच्या लोकांशी अदलाबदल केली, आणि एक्सेटर विद्यापीठातल्या शास्त्रज्ञाच्या मदतीनं मोजमाप केलं. दहाएक मीटरवर सोडलेल्या गोगलगायी घरची वाट शोधून परत येतात, असं दिसलं, आणि ब्रुक्सबाईंनी स्पर्धा जिंकली. नंतरच्या अभ्यासात वीस मीटरच्या पलीकडे नेल्या तर सहसा परतत नाहीत, असाही हिशेब निघाला. गोगलगायींच्या पाठीवर गुलाबी ठिपके उमटलेले आहेत आणि संध्याकाळी त्या एकामागून एक आपापल्या बागेत कामावरून परतताहेत, हे दृश्य मला फार आवडतं. आजीला हे वीस मीटर कळले असते, तर करवंटी कुणाच्या आवारात पडली असती कोण जाणे. पोफळीच्या पलीकडे शाळा होती.

वीस मीटर म्हणजे पुण्यात दुसरी सोसायटी. त्यामुळे आमच्या ओळखीतले एक सज्जन आणखी लांब जातात. ते रोज पहाटे वेताळ टेकडीवर फिरायला निघताना हातात एक स्टीलचा डबा नेतात. बघणाऱ्याला वाटतं, काका मुंग्यांना साखर घालायला चालले. डब्यात रात्रभर गोळा केलेल्या गोगलगायी असतात, वर प्रवासात भूक लागू नये म्हणून कोबीचं पान. टेकडीवर एखादं गर्द झुडूप बघून ते डबा उघडतात, पान आधी ठेवतात, त्यावर एकेकीला हातानं उतरवतात, आणि परत येऊन समाधानानं चहा पितात. त्यांच्या या समाधानाला धक्का लावायची माझी अजून हिंमत झालेली नाही. पण इथेच सगळा पेच आहे.

पाठीवर भांग पाडलेली ही काळी पाहुणी मूळची आफ्रिकेतली. तिची शंखवाली मोठी बहीण, जिला आपला कृषी विभाग शंखी गोगलगाय म्हणतो आणि बाकीचं जग आफ्रिकी राक्षसी गोगलगाय, तीही तिकडचीच. या बायका चालत आलेल्या नाहीत. त्यांच्या चालीनं आल्या असत्या तर अजून एडनच्या पलीकडेच असत्या. विल्यम बेन्सन या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकानं मॉरिशसहून जिवंत शंखी गोगलगायी कोलकात्याला आणल्या आणि १८४७ साली त्या चौरंगीच्या एका बागेत सुटल्या. त्यात त्याचा काही दुष्ट हेतू नव्हता. त्याला त्या आवडत होत्या. पुढे १९६६ साली एक लहान मुलगा हवाईहून अमेरिकेतल्या मायामीला घरी परतला, तेव्हा खिशातून तीन गोगलगायी घेऊन आला. त्याच्या आजीनं त्या बागेत सोडून दिल्या. काही वर्षांत तिनांच्या अठरा हजारांवर झाल्या, आणि त्या निपटायला फ्लोरिडा राज्याला सुमारे दहा वर्षं आणि दहा लाख डॉलर लागले. नर-मादी असा भेद या गोगलगायींत नसतो, एकेकीच्या अंगी दोन्ही असतं, आणि एकेक शंखी वर्षाला हजाराच्या घरात अंडी घालू शकते. कुठल्याही आजीला याची कल्पना असण्याचं कारण नव्हतं. जगभरच्या आज्या मारत नाहीत, बागेत सोडतात.

म्हणजे ज्या प्राण्यावर कुणी दया करत नाही असं मी सुरुवातीला म्हटलं, तो निम्मं जग फिरला तो कुणाच्या तरी हौसेवर, कुणाच्या तरी मायेवर आणि थोडा कुंड्यांच्या मातीतून, बोटींच्या मालातून. टेकडीवर नेलेला स्टीलचा डबा बेन्सनच्याच परंपरेतला आहे, फक्त कोबीचं पान जास्तीचं. सह्याद्रीला स्वतःच्या गोगलगायी आहेत, काही फार देखण्या, ज्यांनी कधी कुणाचा झेंडू खाल्लेला नाही. त्या कुजलेल्या पानांवर, बुरशीवर आपला संसार मुकाट्यानं करतात. त्यांच्या घरात आपण डबा उघडून पाहुण्या सोडतो, आणि त्याला भूतदया म्हणतो.

मग करायचं काय? शेजाऱ्यांनी सुचवलेले सगळे सात्त्विक उपाय आमच्याकडे होऊन गेले. अंड्यांची टरफलं कुस्करून रोपांभोवती कडं केलं. गोगलगायी ते अशा ओलांडून गेल्या जशा लग्नघरातल्या बायका रांगोळी ओलांडतात, जपून पण न थांबता. कॉफीचा चोथा टाकला, तांब्याची पट्टी लावली. २०१८ साली इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं अशाच घरगुती उपायांची सॅलडच्या रोपांवर रीतसर परीक्षा घेतली. टरफलं, तांब्याची पट्टी, खडी, लोकरीच्या गोळ्या, कशानंही फरक पडला नाही. राणीच्या देशात जे चाललं नाही ते आमच्या गार्डनात चालायचं कारण नव्हतं.

उरली बिअर. यीस्टच्या वासानं गोगलगायी बशीकडे ओढल्या जातात, आत उतरतात आणि परत येत नाहीत. आमच्या घरात ही वस्तू आजवर आलेली नव्हती, म्हणून नवरा आठवडाभर टाळाटाळ करून शेवटी एका संध्याकाळी टोपी घालून गेला. दुकानात कुणी ओळखीचं दिसू नये अशी त्याची इच्छा होती, त्यामुळे अर्थातच दोन दिसले. त्यानं दुकानदाराला सांगून टाकलं, “माझ्यासाठी नाही, गोगलगायींसाठी हवी आहे.” दुकानदारानं बाटली कागदात गुंडाळता गुंडाळता शांतपणे म्हटलं, “सगळे कुणासाठी तरीच नेतात, साहेब.”

गंमत अशी, की विज्ञानालाही जवळपास हाच मार्ग त्यातल्या त्यात दयाळू वाटतो. २०१६ साली अशाच एका उपऱ्या गोगलगायीवर, तिला कमीत कमी त्रास देऊन कसं मारावं, याचा अभ्यास अमेरिकेत प्रसिद्ध झाला. आधी पाच टक्के अल्कोहोलमध्ये, किंवा साध्या बिअरमध्ये, तिला बधिर होऊ द्यायचं, तिची हालचाल थांबली की मग तीव्र अल्कोहोलमध्ये टाकायचं. मीठ नाही, ठेचणं नाही. बधिर होणं म्हणजे नक्की काय वाटणं, हे ती सांगत नाही. पण कुणीतरी प्रयोगशाळेत बसून तिच्या शेवटच्या घटकेचा एवढा विचार केला, याचं मला बरं वाटलं. आमच्या बशीत ती रात्री येते, काठावर थांबते, शिंगं आत-बाहेर करते, आणि उतरते. मी तेव्हा तिथे उभी राहत नाही.

त्याच रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं २०२२ साली जाहीर केलं, की यापुढे गोगलगायींना कीड म्हणायचं नाही. त्यांच्याकडे चव्वेचाळीसेक जातींच्या बिनशंखी गोगलगायी आहेत, बागेतली रोपं खाणाऱ्या त्यातल्या नऊच. बाकीच्या पालापाचोळा खाऊन बागेची सफाई करतात. हे वाचून मी सुखावले होते. त्याच २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी नुकतं उगवलेलं सोयाबीन रात्रीतून फस्त केलं. माझं दोन पानी झेंडूचं दुःख तिथे एकराच्या मापानं झालं होतं. दुबार पेरणी झाली, तीही गेली, पंचनामे झाले, सरकारला मदत जाहीर करावी लागली. शेतकरी पहाटे आणि दिवस मावळताना वाकून वाकून त्या वेचत होते आणि पोती भरून साबणाच्या नाहीतर मिठाच्या पाण्यात टाकत होते. ज्याचं बियाणं उसनवारीचं आहे त्याला मी बिअरच्या बशीचा सल्ला देणार नाही. कृषी विभागाचा एक उपाय मात्र माझ्या मनात राहिला. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधावर अंथरायची. रात्री गोगलगायी त्याखाली गोळा होतात, सकाळी उचलायच्या. सगळं शेत जात असतानाही तिला शेवटी गूळच द्यायचा, ही रीत मला आपली वाटते.

आम्ही आता पुष्कळ समजूतदार झालो आहोत, म्हणजे दोन्ही बाजूंनी. रोपांना पाणी संध्याकाळऐवजी सकाळी घालते, त्यामुळे रात्री जमीन कोरडी राहते आणि पाहुणीचा उत्साह मावळतो. झेंडू टांगलेल्या कुंडीत वीतभर वाढवूनच खाली आणते. थोराड देठाला ती फारसा त्रास देत नाही. रात्री हातमोजे घालून, विजेरी घेऊन एक फेरी असतेच. हातमोजे किळसेसाठी नाहीत: या गोगलगायींच्या अंगात उंदरांकडून आलेला एक सूक्ष्म जंत असू शकतो, तो माणसाच्या मेंदूपर्यंत पोचतो, म्हणून बागेतली पालेभाजीही नीट धुऊनच घ्यावी. विषारी गोळ्या आम्ही आणत नाही. कारण भिंतीवर अधूनमधून भारद्वाज येतो. तांबूस पंखांचा तो पक्षी दिसला की दिवस चांगला जातो असं आपण मानतो. गोगलगायीचा मात्र जात नाही, तो तिला आवडीनं खातो. आणि जूनच्या तोंडावर भंडारदऱ्याकडे ज्या काजव्यांच्या झाडांखाली आपण रात्रभर उभे असतो, त्या काजव्यांचं बालपण मातीत गोगलगायी खाऊनच जातं. त्या विषाचा एखादा दाणा कुणाच्या पोटातून कुणाच्या पोटात जाईल, याचा हिशेब आपल्याला लागणार नाही. माझ्या अंगणातली एक काळी पाहुणी बिअरमध्ये शांतपणे संपावी, हे मला टेकडीवरच्या कोबीच्या पानापेक्षा जास्त दयाळू वाटतं. टेकडीवाल्या काकांना हे सांगायचं राहिलंच आहे. ते हा अंक वाचत असतील अशी आशा आहे.

तुम्हांला एकच विनंती. या पावसाळ्यात नर्सरीतून एखादी कुंडी आणाल, किंवा मैत्रीण प्रेमानं आपल्या बागेतलं रोप मातीसकट देईल. नाही म्हणू नका, रोप जरूर घ्या. फक्त दारातून आत नेण्याआधी कुंडी उचलून तिच्या बुडाखाली आणि मातीच्या कडेला साबुदाण्यासारखी अंडी आहेत का, ते नीट बघून घ्या.